सर्व्हर ‘डाऊन’ की देखभालीसाठी बंद? चंद्रपूर-गडचिरोलीला हवे अपडेटचे स्वतःचे वेळापत्रक

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात आज सात संच आहेत आणि त्यांची एकूण क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्यातला एखादा संच काही आठवडे थांबवला जातो, तेव्हा बातमीचा मथळा असतो ‘वार्षिक देखभालीसाठी संच बंद’. कुणाला त्यात वावगे वाटत नाही. बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, टर्बाइन उघडायचे, तर संच थांबवावाच लागणार, हे या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळते. महावितरणची सूचनाही तशीच असते, उद्या सकाळी इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत अमुक वाहिनी बंद. लोक कुरकुरतात, पण दळण आदल्या दिवशी उरकून घेतात.

याच जिल्ह्यांतल्या सर्व्हरला मात्र दोनच अवस्था माहीत आहेत, चालू आणि ‘डाऊन’. सेतू केंद्राच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ अशी चिठ्ठी लागते. ‘गुरुवारी रात्री दहा ते दोन देखभालीसाठी सेवा बंद’ अशी चिठ्ठी आधीच लागलेली सहसा दिसत नाही. यंत्र तेच, बंद राहण्याचा वेळही कदाचित तेवढाच. पहिल्या चिठ्ठीमुळे भामरागडहून किंवा कोरचीहून निघालेल्या माणसाची दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे बुडते. दुसरीमुळे तो घरून निघतच नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. सातबारा, रेशन, शिष्यवृत्ती यांचा मूळ डेटा जिल्ह्यात नसतो. तो राज्याच्या किंवा केंद्राच्या डेटा सेंटरमध्ये असतो आणि तिथल्या बिघाडावर चंद्रपुरात बसून काही करता येत नाही. पण जिल्ह्यातही सर्व्हर असतात. रुग्णालयाची नोंदणी आणि एक्स-रे साठवण, विद्यापीठ व महाविद्यालये, बँका आणि पतसंस्था, खाणी, वीज केंद्र, सीसीटीव्हीचे नियंत्रण कक्ष, सगळीकडे एखाद्या थंड खोलीत किंवा न थंड होणाऱ्या खोलीत दोन-चार सर्व्हर घरघरत असतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

सर्व्हर म्हणजे एकच संगणक नव्हे, एका पेटीत राहणारे एकत्र कुटुंब आहे. मुख्य बोर्ड, हार्ड डिस्क, डिस्क सांभाळणारे रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, पंखे, वीजपुरवठा या प्रत्येकाच्या आत एक छोटी चिप आणि त्या चिपमध्ये कंपनीने भरलेला प्रोग्राम असतो. तो म्हणजे फर्मवेअर. ऑपरेटिंग सिस्टम सुरू होण्याआधीच तो जागा झालेला असतो. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या आत राहतो आणि त्या भागाशी बोलण्याचे काम करतो.

दोघे एकमेकांची भाषा समजतात तोवर सगळे ठीक. एक सुधारला आणि दुसरा जुनाच राहिला की गडबड सुरू होते, आणि अपडेटनंतरच्या तक्रारींचा मोठा भाग इथेच सापडतो. नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर नवे झाले पण ड्रायव्हर चार वर्षांपूर्वीचा असेल, तर कार्ड दिसते, दिवा लागतो, पण डेटा मध्येच तुटतो. अशा वेळी खालचा कर्मचारी केबल बदलतो, स्विच बदलतो, बीएसएनएलला फोन लावतो. दोष असतो दोन आवृत्त्यांच्या न जुळण्यात.

सर्व्हरमध्ये आणखी एक चिप असते, जिची आठवण सहसा अडचणीतच होते. मुख्य यंत्र बंद असले तरी ती जागी राहते. दूरवरून सर्व्हर सुरू करणे, पडदा पाहणे, तापमान व बिघाडाची नोंद वाचणे तिच्यामार्फत होते. एचपीईच्या यंत्रात तिला आयएलओ म्हणतात, डेलच्या यंत्रात आयड्रॅक. जिथे अभियंता पोहोचायला दिवस लागतो, तिथे तिची किंमत फार आहे. पण तिचेही फर्मवेअर असते आणि तेही जुने होते. आयएलओच्या चौथ्या पिढीत एक त्रुटी होती. विनंतीच्या एका भागात इंग्रजी ‘ए’ हे अक्षर सलग २९ वेळा पाठवले, की पासवर्डशिवाय आत शिरता येत असे. कंपनीने २०१७ मध्ये दुरुस्ती दिली. ती ज्याने बसवली नाही, त्याच्या सर्व्हरचे मागचे दार एका अक्षराने उघडे राहिले.

‘चालू आहे ना, मग हात लावू नका’

हा सल्ला सरकारी कार्यालयापासून खासगी कारखान्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो मूर्खपणाचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. इंटेलने घाईने दुरुस्ती काढली, सर्व्हर कंपन्यांनी ती बायोसच्या अपडेटमधून वाटली आणि काही यंत्रे आपोआप रीबूट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले की हे अपडेट बसवणे थांबवा. ज्यांनी ते पहिल्याच दिवशी बसवले त्यांना त्रास झाला. जे दोन आठवडे थांबले ते सुटले.

पण याच सल्ल्याची दुसरी बाजू अधिक भीतिदायक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना कळवले की तिच्या काही सॉलिड स्टेट डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. डिस्क झिजल्यामुळे नव्हे. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. तास मोजणाऱ्या प्रोग्रामची मोजदाद त्याच्या पलीकडे जात नव्हती. बंद पडलेल्या डिस्कमधला डेटाही परत मिळणार नव्हता. उपाय एकच होता, त्या तासाच्या आधी नवे फर्मवेअर बसवणे. काही महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये, दुसऱ्या काही डिस्कबाबत तसाच इशारा आला. या वेळी मर्यादा ४०,००० तासांची होती.

इथे कुणी म्हणेल, आमच्याकडे रेड आहे, एक डिस्क गेली तर दुसरी आहे. पण सरकारी किंवा सहकारी खरेदी कशी होते ते आठवावे. एकाच निविदेत, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या सगळ्या डिस्क एकाच सकाळी चालू केल्या जातात. त्यांची घड्याळे तासाच्या फरकाने जुळलेली असतात. अशा डिस्क एकापाठोपाठ गेल्या तर रेड कुणाला वाचवणार? ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याचा सर्व्हर पावणेचार वर्षे उत्तम चालला असता आणि एका सकाळी त्याचा सगळा डेटा गेला असता.

म्हणजे अपडेट करावे की करू नये, हा वाद फारसा उपयोगाचा नाही. खरा प्रश्न कधी करायचे, आधी कुठे करून पाहायचे आणि बिघडले तर मागे कसे यायचे हा आहे.

जुलै २०२४ ने काय दाखवले?

१९ जुलै २०२४ ला सकाळी भारतीय वेळेनुसार पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. हे सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या रूपात विंडोजच्या गाभ्यात चालते, त्यामुळे ते चुकले की आख्खे यंत्र कोसळते. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रांवर निळा पडदा आला होता. इंडिगोची सुमारे २०० उड्डाणे रद्द झाली आणि देशातल्या अनेक विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. रिझर्व्ह बँकेने देशातल्या १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे सांगितले. एनआयसीच्या जाळ्यावर परिणाम झाला नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने त्या दिवसाची महत्त्वाची बाब वेगळी आहे. चुकीची फाइल इंटरनेटवरून एका क्षणात पोहोचली. दुरुस्ती मात्र अनेक यंत्रांवर हातानेच करावी लागली. यंत्रासमोर बसा, सेफ मोडमध्ये जा, ती फाइल शोधून पुसा, पुन्हा सुरू करा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाका. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती, तोच बंद पडलेला होता.

मुंबईत, पुण्यात हे काम एका दिवसात उरकता येते. गडचिरोली जिल्ह्यात हाच दिवस कसा गेला असता? जिल्हा मुख्यालयापासून भामरागड दीडशेहून अधिक किलोमीटर, सिरोंचा सुमारे दोनशे. जुलै हा पर्लकोटेच्या पुराचा महिना. पुलावर पाणी चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो, कधी दिवसभर, कधी अधिक. जिथे एखादी फाइल पुसायला माणूस पोहोचू शकत नाही, तिथे पावसाळ्यात अपडेट सुरू ठेवणे हाच धोका आहे. हा नियम कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडणार नाही, तो इथल्या नद्यांकडूनच शिकावा लागतो.

अपडेट फसले तर पाहायचे कसे?

पहिली चूक घाईत होते. सर्व्हर उठत नाही असे दिसताच तेच अपडेट पुन्हा चालवले जाते किंवा पॉवरचे बटण दाबून धरले जाते. फर्मवेअर लिहिले जात असताना पडदा दहा-पंधरा मिनिटे काळा राहू शकतो, पंखे पूर्ण वेगाने ओरडू शकतात, यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकते. याच वेळी वीज काढली तर चिपमध्ये अर्धाच प्रोग्राम राहतो आणि बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते हे अपडेटच्या आधी मोजायचे असते. तिच्यावर चिकटवलेल्या लेबलावर विसंबायचे नसते. ज्या भागात वादळाने झाड पडून वीजवाहिनी तुटणे नित्याचे आहे, तिथे तर हे आधी.

त्यानंतर नोंद वाचायची. आयएलओ किंवा आयड्रॅकमध्ये कोणता भाग कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेला, कोणता अडकला, हे वेळेसह लिहिलेले असते. अनेकदा बिघाड झालेलाच नसतो. एक काम रांगेत अडकलेले असते आणि पुढची सगळी त्याच्यामागे थांबलेली असतात. रांग साफ केली, ती चिप रीसेट केली की गाडी पुढे सरकते.

काही फर्मवेअर साध्या रीबूटने लागू होतच नाही. सर्व्हर बंद करून दोन्ही वीजकेबल उपसायच्या, काही मिनिटे थांबायचे आणि मग जोडायच्या. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यालाही माहीत असलेला हा उपाय लाखो रुपयांच्या यंत्रालाही लागू पडतो. दूरवरून काम करणाऱ्याला मात्र केबल उपसता येत नाही, म्हणून त्या खोलीत किल्ली असलेला एक माणूस फोनवर हवाच.

फार जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वात नव्यावर उडी मारली तर काही यंत्रे नकार देतात. मधली पायरी घ्यावी लागते. कोणत्या क्रमाने जायचे, ड्रायव्हर आधी की फर्मवेअर, हे त्या आवृत्तीसोबतच्या टिपणात लिहिलेले असते. ते टिपण कंटाळवाणे असते आणि ते वाचायला वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे वाचवण्याच्या नादात रात्र जाते.

लिनक्सवर एक फसवा प्रकार घडतो. फर्मवेअर बदलल्यावर नेटवर्क कार्डाचे नावच बदलते, जुन्या नावाला दिलेला पत्ता हवेत राहतो आणि सर्व्हर पूर्ण निरोगी असूनही जगापासून तुटतो. किंवा नवा कर्नल आला पण त्यासाठी डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर तयार झालाच नाही, मग सुरू होताना ‘डिस्क सापडत नाही’. घाबरलेला माणूस इथे सगळे पुसून नव्याने बसवायला घेतो. खरे तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला की बहुतेक वेळा सर्व्हर उठतो. विंडोजमध्येही सेफ मोडमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो. काही सर्व्हर बायोसची जुनी प्रत राखून ठेवतात. डिस्कच्या फर्मवेअरला मात्र मागे फिरणे बहुतेकदा नसते. म्हणून तिथे बॅकअप आधी घ्यायचा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायचा. न उघडलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नये.

बिटलॉकर असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो तात्पुरता थांबवावा आणि किल्ल्यांची यादी कागदावर, कुलपात असावी. कागद जुनाट वाटेल, पण कागदाला फर्मवेअर नसते.

नागपूरहून गाडी येईपर्यंत

सर्व्हर कंपन्यांचे अभियंते आणि सुटे भाग या दोन जिल्ह्यांसाठी बहुधा नागपूरहून निघतात. करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ असे लिहिलेले असेल, तर प्रतिसाद म्हणजे फोन उचलणे की यंत्रासमोर उभे राहणे, हे विचारून घ्यायला हवे. एटापल्लीच्या रस्त्यावर या दोन अर्थांमध्ये एक आख्खा दिवस असतो.

देखभालीच्या करारात आणखी एक खाच असते. बंद पडलेला भाग बदलणे आणि चालू भागाचे फर्मवेअर अद्ययावत ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे पैसे दिले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. एचपीने तर २०१४ पासून प्रोलायंट सर्व्हरच्या काही फर्मवेअरसाठी वॉरंटी किंवा सपोर्ट करार असण्याची अट घातली. वॉरंटी संपल्यावर स्वस्तातला स्थानिक करार केला, तर तो स्थानिक माणूस कितीही हुशार असला तरी अधिकृत फाइल त्याला मिळणार नाही. मग ती इकडून-तिकडून मिळवली जाते, आणि कुठल्या तरी टेलिग्राम गटातून आलेले फर्मवेअर रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये भरणे म्हणजे वाटेत सापडलेली गोळी रुग्णाला देणे. निविदा लिहिणाऱ्यांनी एक ओळ वाढवली तरी पुरे: वर्षातून किमान एकदा फर्मवेअर व ड्रायव्हर तपासणी, आधीच्या व नंतरच्या आवृत्त्यांच्या लेखी नोंदीसह.

फाइल मिळाली तरी ती आणायची कशी? अशा संचांचा आकार कित्येक जीबी असतो. नक्षलग्रस्त भागातले २,३४३ टूजी मनोरे फोरजी करण्याची १,८८४ कोटींहून अधिक खर्चाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केली. महाराष्ट्रात तिचा संबंध प्रामुख्याने याच जिल्ह्यांशी आहे. फोरजीने व्हॉट्सअॅप चालते, यूपीआय चालते. पण अर्ध्यावर तुटलेले डाउनलोड सर्व्हरमध्ये भरणे हा वेगळाच जुगार आहे. चांगल्या जोडणीच्या ठिकाणी फाइल उतरवावी, कंपनीने दिलेल्या चेकसमशी ताडून पाहावी आणि पेनड्राइव्हवरून न्यावी. यात कमीपणा नाही.

खर्चाची बाजूही वाटते तेवढी अवघड नाही. जिल्ह्यात एकाच मॉडेलचे सर्व्हर अनेक कार्यालयांत असतील, तर निवृत्त झालेला एक सर्व्हर तालमीसाठी ठेवावा. प्रत्येक अपडेट आधी त्याच्यावर, मग दोन आठवडे थांबून बाकीच्यांवर. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती याला अपवाद, तरीही तालमीचा एक दिवस तिलाही द्यावा. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, गडचिरोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथले विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला जातात आणि तिथल्या डेटा सेंटरमध्ये हेच काम करतात. त्यांच्यापैकी काहींना हे काम अहेरीत करता येईल अशी एखादी जागा जिल्ह्यात असायला काय हरकत आहे? नागपूरची गाडी दरवेळी बोलावण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

कोणता आठवडा?

राज्यभरासाठी एकच तारीख ठरवणारे वेळापत्रक इथे चालत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा भरतात, त्यामुळे जात व उत्पन्न दाखल्यांची गर्दी जुलैपर्यंत लांबते. जुलै ते सप्टेंबर पूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आधारभूत केंद्रांवर धानाची नोंदणी आणि खरेदी, जी जानेवारीतही सुरू असते. तेव्हा एक दिवस नोंद थांबली तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर केंद्राबाहेर उभे राहतात आणि अवकाळी पाऊस आलाच तर पोती भिजतात. मार्चमध्ये बँका आणि कोषागारे वर्षअखेरीत बुडालेली असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, शिवाय उष्णता इतकी की थंडावा नसलेल्या खोलीत सर्व्हर आधीच धापा टाकत असतो आणि वीज जाण्याची शक्यताही मोठी.

उरतात फेब्रुवारी आणि एप्रिलचा पूर्वार्ध. फेब्रुवारीत डिस्क, कंट्रोलर आणि बायोस ही मोठी कामे व्हावीत. रस्ते कोरडे असतात, हवा थंड असते, नागपूरची गाडी सिरोंच्यापर्यंतही पोहोचते. एप्रिलमध्ये राहिलेले ड्रायव्हर आणि आयएलओ-आयड्रॅकसारखी छोटी कामे. आणि दोन्हींच्या आठ दिवस आधी सेतू केंद्राच्या, रुग्णालयाच्या आणि बँकेच्या दारावर तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी, मराठीत आणि जिथे लागेल तिथे गोंडी व माडियातही, शिवाय गावच्या व्हॉट्सअॅप गटात तिचा फोटो.